शांतिनिकेतन : ऋतुचक्र, वारसा आणि पर्यटनाचा हंगाम

प्रस्तावना

पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात बोलपूर नावाचे रेल्वेस्थानक आहे. हावड्याहून रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर असलेल्या या स्थानकापासून शांतिनिकेतन दोन-तीन किलोमीटरवर येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी रियाध येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४५ व्या अधिवेशनात शांतिनिकेतनाचा जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला. या यादीतील ते भारताचे ४१ वे स्थळ होय. या घटनेनंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या अभ्यास सहलींच्या नकाशावरही शांतिनिकेतन अधिक ठळकपणे आले आहे. साहित्य, शिक्षणशास्त्र, चित्रकला, इतिहास, पर्यावरण अशा अनेक विषयांच्या अध्यापकांना आपल्या विद्यार्थ्यांना तेथे न्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र अशा सहलींचे स्वरूप पाहिले असता एक गोष्ट जाणवते. कोलकात्याच्या कार्यक्रमाला जोडून एक दिवस शांतिनिकेतनासाठी राखला जातो. सकाळी काचमंदिर, मग छातिमतला, आम्रकुंज, उत्तरायण परिसरातील घरे, दुपारी वस्तुसंग्रहालय, सायंकाळी सोनाझुरीचा बाजार आणि रात्रीच्या गाडीने परत. अजिंठा किंवा रायगड पाहावा तसे हे स्थळ पाहिले जाते. वास्तविक शांतिनिकेतनात पाहण्याजोगे जे आहे, त्यातील निम्मे स्थळात आहे आणि निम्मे काळात आहे. येथील वारसा हा मुख्यतः ऋतूंशी बांधलेल्या एका जीवनक्रमाचा वारसा आहे, आणि पर्यटनाचा जो 'हंगाम' तेथे रूढ झाला आहे तो या ऋतुक्रमाशी जुळत तर नाहीच, उलट त्याला बाधक ठरत आहे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

ओसाड माळावरील आश्रम

शांतिनिकेतनाची हिरवळ पाहून ही भूमी मुळातच रम्य असावी असा समज होतो. तो खरा नाही. १८६३ मध्ये महर्षी देवेंद्रनाथ टागोर यांनी रायपूरच्या जमीनदार सिंह कुटुंबाकडून वीस बिघे जमीन कायमच्या भाडेपट्ट्याने घेतली, तेव्हा त्या माळावर नाव घेण्यासारखी दोन छातिमची झाडे होती. छातिम म्हणजे आपली सातवीण अथवा सप्तपर्णी. सभोवार लाल जांभ्याची, पावसाने खणलेली, घळींनी चिरफाळलेली जमीन होती. या घळींच्या प्रदेशाला तेथे 'खोआई' म्हणतात. छोटा नागपूरच्या पठाराची ही पूर्वेकडील उतरती कड होय. वरचा मातीचा थर पातळ. पाऊस आला की तो वाहून जातो आणि खाली जांभ्याचे खडे उघडे पडतात. कोकणातील सड्यांवर वावरलेल्या वाचकास हा भूभाग अगदीच अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की समुद्राचा ओलावा येथे नाही.

देवेंद्रनाथांना एकांत हवा होता, साधनेची जागा हवी होती. त्यांनी तेथे एक घर बांधले आणि त्याला 'शांतिनिकेतन' हे नाव दिले. पुढे तेच परिसराचे नाव झाले. बागेसाठी बाहेरून माती आणविली गेली, आंबा, शाल, मोह, बकुळ अशी झाडे लावली गेली. १८८८ मध्ये त्यांनी न्यासपत्र करून ही जागा निराकार ईश्वराच्या उपासनेसाठी सर्वांना खुली केली. मूर्तिपूजा, कोणत्याही धर्माची निंदा, मांसाहार आणि मद्यपान यांना तेथे मनाई होती. परंतु वर्षातून एकदा मेळा भरवावा अशी तरतूद त्याच दस्तऐवजात होती. एकांतासाठी निवडलेल्या जागेच्या कागदपत्रातच जत्रेची सोय असावी, हे विशेष म्हटले पाहिजे. पुढील सव्वाशे वर्षांत एकांत आणि जत्रा यांचा जो ताण शांतिनिकेतनाने अनुभवला, त्याचे मूळ येथे आहे.

रवींद्रनाथ १८७३ मध्ये, मुंजीनंतर, वडिलांबरोबर हिमालयात जाताना येथे प्रथम आले. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. पुढे २२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली कालगणनेनुसार ७ पौष या दिवशी, त्यांनी पाच विद्यार्थ्यांसह ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारतीची स्थापना झाली. १९५१ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हा इतिहास सुपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, येथील वर्ग झाडाखाली भरत. छप्पर नसलेल्या शाळेला पंचांग पाहावेच लागते. ऊन कोणत्या वेळी कोठे येईल, पाऊस केव्हा उठवील, कोणत्या झाडाची सावली दाट, कोणत्याची विरळ, याचे भान विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांनाही ठेवणे भाग होते. ऋतू हा येथे काव्यविषय होण्याआधी शाळेच्या वेळापत्रकाचा भाग होता.

दोन पंचांगे, सहा ऋतू

शांतिनिकेतनातील उत्सवांविषयी बोलताना मराठी वाचकाचा एक गोंधळ हमखास होतो. महिन्यांची नावे तीच असली तरी आपले आणि बंगालचे महिने एक नाहीत. आपले महिने चांद्र, अमावास्येला संपणारे. अधिक महिना धरून ते सौरवर्षाशी जुळवून घेतले जातात. बंगाली महिने सौर असल्यामुळे ते इंग्रजी तारखांशी जवळजवळ स्थिर राहतात. वैशाख एप्रिलच्या मध्याला सुरू होतो व तोच वर्षाचा पहिला महिना. त्यामुळे ७ पौष हा दिवस दरवर्षी २२ किंवा २३ डिसेंबरला येतो, तर २२ श्रावण हा ७ किंवा ८ ऑगस्टला.

ऋतूंची मांडणीही वेगळी आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाख हा वसंत. बंगालमध्ये फाल्गुन-चैत्र हा वसंत आणि वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म. आपल्या पाठांतराप्रमाणे फाल्गुनी पौर्णिमा शिशिरात पडते, पण शांतिनिकेतनात त्याच दिवशी, दोलपौर्णिमेला, वसंतोत्सव होतो. आषाढ-श्रावण ही वर्षा, भाद्रपद-आश्विन हा शरद, कार्तिक-अग्रहायण हा हेमंत आणि पौष-माघ हा शीत, म्हणजे आपला शिशिर. बंगालच्या हवामानाशी ही मांडणी अधिक जुळते असे म्हणावे लागेल. एप्रिलच्या उत्तरार्धात बीरभूममध्ये वसंताचा मागमूसही नसतो. पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारी वायव्येकडून 'कालबैशाखी' हे वादळ धूळ उडवीत येते. तासाभरात विजा, गारा, पाऊस आणि मग अकस्मात गारवा, असा त्याचा क्रम असतो.

रवींद्रनाथांच्या 'गीतवितान' या गीतसंग्रहात 'प्रकृती' या विभागात २८३ गीते आहेत. त्यांची ऋतुवार विभागणी उद्बोधक आहे. सामान्य ९, ग्रीष्म १६, वर्षा ११५, शरद ३०, हेमंत ५, शीत १२ आणि वसंत ९६. म्हणजे कवीच्या लेखी वर्षाऋतू सर्वांत समृद्ध होता. वसंत त्याच्या मागोमाग. आणि ज्या हिवाळ्यात आज पर्यटक सर्वाधिक संख्येने येतात त्या ऋतूवर केवळ बारा गीते आहेत. गीतांच्या संख्येवरून ऋतूचे महत्त्व मोजणे ही काहीशी ढोबळ रीत आहे, हे मान्य. तरीही ११५ आणि १२ यांतील अंतर नजरेआड करता येत नाही.

उत्सवांचा जन्म

शांतिनिकेतनातील ऋतु-उत्सवांचा प्रारंभ कोणा विद्वत्सभेच्या ठरावाने झाला नाही. १९०७ च्या वसंतपंचमीला रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने आपल्या सोबत्यांना घेऊन एक लहानसा ऋतु-उत्सव केला. त्याचे वय तेव्हा दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, मुंगेर येथे, कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. पाच वर्षांपूर्वी, १९०२ मध्ये, त्याच तारखेला त्याची आई मृणालिनीदेवी निवर्तली होती. यानंतरच्या वर्षी रवींद्रनाथांनी आश्रमातील मुलांसाठी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. ऋतूंवर आधारलेल्या त्यांच्या नाट्यकृतींची मालिका येथून सुरू होते. 'फाल्गुनी', 'वसंत', 'शेषवर्षण', 'नटराज-ऋतुरंगशाला' या तिच्यातील पुढच्या कृती होत. त्यांपैकी १९२३ मधील 'वसंत' हे त्यांनी त्या वेळी तुरुंगात असलेल्या काझी नझरुल इस्लाम यांना अर्पण केले. वसंतोत्सव म्हणजे पिवळ्या साड्या, पळसाची फुले आणि अबीर एवढेच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापुढे या उत्सवाच्या मुळाशी असलेले एका मुलाचे खेळणे आणि एका पित्याचा शोक ही हकिगत मांडली गेली पाहिजे.

पौष उत्सवाचे मूळ निराळे. ७ पौष हा देवेंद्रनाथांच्या ब्राह्मधर्म-दीक्षेचा दिवस (१८४३). १८९१ मध्ये याच तिथीला उपासनागृह, म्हणजे रंगीत काचांचे मंदिर, खुले झाले आणि १८९४ पासून तेथे मेळा भरू लागला. बीरभूमच्या खेड्यापाड्यांतील कुंभार, लोहार, विणकर यांची विक्री, संथाळांचे खेळ व नृत्ये, बाऊल-फकिरांची गाणी, असे त्याचे स्वरूप होते. भाताची कापणी संपून शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आलेला असतो, त्याच सुमारास हा मेळा येतो. आपल्याकडील अनेक यात्रा-जत्रा सुगीनंतरच भरतात, त्याचे कारण हेच आहे.

वर्षाऋतूतील दोन उत्सव मात्र शांतिनिकेतनाची खास निर्मिती आहेत. जुलै १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा पहिला समारंभ झाला. बकुळीचे रोप सजविलेल्या पालखीत बसवून, गाणी म्हणत, शंख फुंकीत मिरवत आणले गेले. क्षिती, आप, तेज, मरुत, व्योम या पाच महाभूतांची सोंगे घेतलेली मुले सोबत होती. शासकीय वनमहोत्सव सुरू होण्याआधी बावीस वर्षे ही कल्पना येथे साकार झाली होती. दुसरा उत्सव हलकर्षणाचा, श्रीनिकेतनातील. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी सुरूल येथे लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने ग्रामपुनर्रचनेचे जे केंद्र सुरू झाले ते श्रीनिकेतन. सजविलेली बैलजोडी नांगराला जुंपून कवीने स्वतः नांगराला हात लावला. हा प्रसंग नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये श्रीनिकेतनातील भिंतीवर चितारला आहे. आपल्या बैलपोळ्याची आठवण येथे होते. परंतु पोळ्याला बैलास विश्रांती असते, तर हलकर्षणात त्याला कामाला जुंपूनच त्याचा गौरव केला जातो.

७ ऑगस्ट १९४१ रोजी, २२ श्रावण या दिवशी, रवींद्रनाथांचे निधन झाले. पुढील वर्षापासून त्यांच्या स्मृतिदिनीच वृक्षारोपण करण्याचा प्रघात पडला आणि दुसऱ्या दिवशी हलकर्षण. संस्थापकाच्या पुण्यतिथीला रोप लावण्याची ही रीत गेली आठ दशके चालू आहे. जागतिक वारसा स्थळाची सुमारे ३६ हेक्टरांची सीमा नकाशावर दाखविता येते. २२ श्रावणची सकाळ मात्र कोणत्याही नकाशात बसत नाही.

ऋतूंशी बोलणाऱ्या वास्तू

वास्तूंचे महत्त्व यामुळे कमी होते असे नव्हे. उलट, ऋतूच्या संदर्भात पाहिल्यास त्या अधिक कळतात. उत्तरायण परिसरातील 'श्यामली' हे मातीचे घर १९३५ मध्ये बांधले गेले. उन्हाळ्यात थंड राहील, गरिबालाही परवडेल असे घर बांधता येते काय, याचा तो प्रयोग होता. सुरेंद्रनाथ कर यांचा आराखडा, नंदलाल व त्यांच्या विद्यार्थ्यांचा हात आणि भिंतींवर उठावशिल्पे असे हे काम आहे. १९४० मध्ये महात्मा गांधी व कस्तुरबा येथे राहिले होते. कवीने एका पाठोपाठ एक घरे बांधली व बदलली. उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची अशी ती घरे. मोठ्या माणसाची ही लहर म्हणून सोडून देण्यापेक्षा वारा, प्रकाश आणि खिडकीबाहेरचे झाड यांसाठी चाललेला तो शोध होता असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

रामकिंकर बैज यांचे 'संथाळ कुटुंब' (१९३८) हे शिल्प सिमेंट व जांभ्याच्या खड्यांचे आहे. ज्या खोआईतून संथाळ मजूर कामासाठी स्थलांतर करीत, त्याच खोआईचे खडे त्यांच्या प्रतिमेत आहेत. उघड्यावर ठेवलेले हे शिल्प पावसात भिजल्यावर गडद तांबूस दिसते. हिवाळ्यातील धुळकट उन्हात घेतलेल्या छायाचित्रांत हा रंग उतरत नाही.

झाडांविषयीही थोडे सांगावयास हवे. रवींद्रनाथांनी अनेक परदेशी अथवा अनाम वेलींना नावे दिली. पिअर्सन यांनी आणलेल्या निळ्या फुलांच्या वेलीला त्यांनी दिलेले 'नीलमणिलता' हे नाव बंगालीत रुळले आहे. परंतु आज शांतिनिकेतनाचा निसर्ग म्हणून ज्याची छायाचित्रे सर्वाधिक घेतली जातात ते सोनाझुरीचे बन हे मुळात ऑस्ट्रेलियन बाभळीचे आहे. आपल्याकडे सामाजिक वनीकरणात रस्तोरस्ती लावली गेली तीच ही बाभूळ. जमिनीची धूप थांबविण्यासाठी ती खोआईत लावली गेली. आणि धूप थांबली म्हणजे खोआईही थांबली, कारण खोआई ही धुपेचीच निर्मिती आहे. निसर्ग 'जतन' करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पर्यावरणाच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांसमोर ठेवावयाचा असेल तर याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हंगाम आणि गर्दी

आता पर्यटनाचा विचार. पर्यटकांचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असा आहे. त्यातही पौष मेळा आणि वसंतोत्सव ही दोन टोके. कोलकात्याहून अडीच-तीन तासांत येता येत असल्याने या दिवसांत होणारी गर्दी बोलपूरसारख्या गावाच्या आवाक्याबाहेरची असते. वसंतोत्सवासाठी पळसाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, ही तक्रार जुनी आहे. पौष मेळ्यातील कचरा, धूर व ध्वनी यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. खोआईच्या परिसरातील बांधकामांचा प्रश्न त्याआधीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता आणि त्यावर २००५ मध्ये निर्णय झाला. शनिवारी सायंकाळी भरणारा सोनाझुरीचा लहानसा बाजार आता आठवड्यातील बहुतेक दिवस भरतो.

याची परिणती कशात झाली? मार्च २००४ मध्ये रवींद्रभवनाच्या वस्तुसंग्रहालयातून नोबेल पदक चोरीस गेले. त्यानंतर पहारे व कुंपणे वाढली. ऑगस्ट २०२० मध्ये मेळ्याच्या मैदानाभोवती भिंत बांधण्याच्या कामावरून मोठा उद्रेक झाला व बांधकामाची मोडतोड झाली. २०२० ते २०२२ या काळात विश्वभारतीने पौष मेळा भरविला नाही; २०२३ मध्ये तो जिल्हा प्रशासनाने भरविला आणि २०२४ मध्ये विश्वभारती पुन्हा आयोजनात उतरली. वसंतोत्सवाचे तर रूपच पालटले. २०२० मध्ये करोनामुळे तो रद्द झाला आणि त्यानंतर, २०२५ पर्यंत, बाहेरच्या सर्वांसाठी खुला असा उत्सव विश्वभारतीने केलेला नाही. विद्यार्थी आणि शिक्षक आपल्यापुरता तो करतात.

या निर्णयाबद्दल दोन मते आहेत. 'जेथे विश्व एका घरट्यात एकत्र येते' अशा आशयाचे बोधवाक्य असलेल्या संस्थेने दारे लावून घ्यावीत हे विसंगत आहे, असे एक मत. बाऊल गायक, कांथा-भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, चामड्याच्या वस्तू करणारे कारागीर, रिक्षावाले व खानावळवाले यांची वर्षाची कमाई त्या चार-आठ दिवसांवर असते, ही त्याची दुसरी बाजू, आणि ती हलकी मानता येणार नाही. दुसरे मत असे की उत्सव हा मुळात आश्रमवासीयांचा होता. पाहुणे त्यात सामील होत असत. पाहुणेच अधिक झाले तेव्हा उत्सवाचा खेळ झाला. प्रस्तुत लेखकास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पण दारे लावण्याने प्रश्न अर्धाच सुटतो. गर्दी आवाराबाहेर, सोनाझुरीत आणि कोपाईच्या काठी सरकते, एवढेच.

खरी अडचण संख्येची नसून तिच्या वाटणीची आहे. वर्षातील पाच महिने लोंढे आणि सात महिने शुकशुकाट, अशा अर्थव्यवस्थेत हॉटेले हंगामापुरती वाढतात, पाणी आणि कचऱ्याची व्यवस्था मात्र गावाच्या नेहमीच्या लोकसंख्येपुरतीच राहते. आणि ज्या ऋतूसाठी ११५ गीते लिहिली गेली, त्या आषाढ-श्रावणात, कोपाई लाल पाण्याने दुथडी भरते, खोआईच्या घळींतून तात्पुरते ओहोळ वाहतात, भाताची लावणी चालू असते, तेव्हा ती पाहायला फारसे कोणी नसते. उन्हाळ्यात हीच कोपाई गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते.

अभ्यास सहलीच्या दृष्टीने

महाराष्ट्रातून शांतिनिकेतनास जाणारा विद्यार्थी अगदी परक्या ठिकाणी जात नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी येथे असतानाच पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले आणि गांधीजी येथून पुण्यास निघाले. त्याच वेळी शांतिनिकेतनात असलेल्या काकासाहेब कालेलकरांची आणि त्यांची भेट झाली. गांधीजी मार्चमध्ये परत आल्यावर आश्रमातील मुलांनी झाडलोट, स्वयंपाक ही कामे स्वतः करावीत असा प्रयोग १० मार्च रोजी सुरू झाला; तो दिवस आजही 'गांधी पुण्याह' म्हणून पाळला जातो व त्या दिवशी विद्यार्थी-शिक्षक परिसराची सफाई करतात. चित्रकार विनायक मासोजी यांनी कलाभवनात अध्यापन केले. पु. ल. देशपांडे यांनी शांतिनिकेतनात राहून बंगाली भाषेचा अभ्यास केला आणि 'वंगचित्रे' हे पुस्तक लिहिले. सहलीपूर्वी ते विद्यार्थ्यांनी वाचलेले असावे, अशी अपेक्षा गैर ठरू नये.

काही व्यावहारिक बाबी. शांतिनिकेतनाची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून बुधवारी असते. त्या दिवशी सकाळी काचमंदिरात उपासना होते. सहलीचा एकमेव दिवस बुधवार आला तर बहुतेक दारे बंद मिळतात. आश्रमाच्या आवारात बाहेरच्यांच्या वावरावर निर्बंध असतात व ते वेळोवेळी बदलतात. तेव्हा महाविद्यालयाच्या पत्राने आधी परवानगी घेणे श्रेयस्कर. झाडाखालचा वर्ग चालू असेल तर तो लांबूनच पाहावा. आपल्या वर्गाच्या खिडकीतून चाळीस अनोळखी माणसे छायाचित्रे घेऊ लागली तर आपल्याला काय वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे. एका दिवसाऐवजी तीन दिवस राहावे आणि त्यांतील एक श्रीनिकेतनासाठी द्यावा. बहुतेक सहली तेथे जातच नाहीत. वस्तुतः ग्रामविकास, विणकाम, शेतीशिक्षण या गोष्टी श्रीनिकेतनाशिवाय समजत नाहीत.

काळाचा प्रश्न उरतो आणि तो अवघड आहे. २२ व २३ श्रावण हे दिवस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतात. त्या वेळी आपल्याकडे पहिले सत्र ऐन भरात असते, प्रवेशाची कामे नुकतीच आटोपलेली असतात आणि पंधरा-वीस विद्यार्थ्यांना घेऊन आठवडाभर बाहेर जाण्यास परवानगी मिळणे दुरापास्त. शिवाय सर्वांनीच वर्षाऋतूकडे मोर्चा वळविला तर वसंतोत्सवाचे जे झाले तेच हलकर्षणाचे होईल, ही शंकाही रास्त आहे. लहान गट, दहा-बारा जणांचे, संशोधन प्रकल्पाच्या निमित्ताने पाठविणे हा त्यातल्या त्यात शक्य असलेला मार्ग दिसतो.

मोठ्या गटासाठी दिवाळीची सुट्टी सोयीची. बंगालमध्ये तो हेमंत, 'गीतवितान'मध्ये केवळ पाच गीते लाभलेला ऋतू. कोणताही मोठा उत्सव नाही, म्हणून गर्दीही मर्यादित. पूजेच्या सुट्टीमुळे आश्रमातील वर्ग त्या दिवसांत बंद असण्याचा संभव असतो, एवढी उणीव मान्य करावी लागेल. सुट्टी लांबून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गेली तर वर्ग पुन्हा भरलेलेही दिसतील. भाताची शेते पिवळी होऊ लागलेली असतात, हवेत गारवा नुकताच आलेला असतो. आणि सायंकाळी सातवीण फुललेली असते. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास येणारा, काहींना आवडणारा व काहींचे डोके दुखविणारा तोच उग्र वास तेथेही येतो. १८६३ मध्ये त्या माळावर जी दोन झाडे होती ती आता नाहीत. त्यांच्या जागी लावलेली सातवीण छातिमतल्यात उभी आहे, आणि विश्वभारतीच्या पदवीदान समारंभाशी तिचे पान अजूनही जोडलेले आहे. पाहण्याची वेळ संध्याकाळची ठेवावी. दुपारी गेल्यास वास येत नाही.